‘तापदायक’ मागणी : एका विधिशब्दाचा इतिहास

ब्रिटिश संसदेने २००० साली संमत केलेल्या माहिती-स्वातंत्र्य अधिनियमाचे चौदावे कलम अवघ्या दोन पोटकलमांचे आहे. पहिल्याचा आशय असा की, माहितीची मागणी ‘व्हेक्सेशस’ असेल तर ती पुरी करण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणावर राहत नाही. एकाच व्यक्तीने तीच किंवा जवळजवळ तीच मागणी वाजवी काळ लोटण्यापूर्वी पुन्हा केल्यास तीही नाकारता येते, असे दुसरे सांगते. दुसऱ्याविषयी फारसा वाद झाला नाही. पुनरावृत्ती ही मोजता येण्याजोगी गोष्ट आहे. पहिल्याविषयी मात्र दहा वर्षे वाद झाला आणि तो थेट अपील न्यायालयापर्यंत गेला. याचे कारण उघड आहे. ‘व्हेक्सेशस’ म्हणजे काय, हे अधिनियमात कोठेही सांगितलेले नाही.

या अधिनियमातील नकाराची इतर बहुतेक कारणे कोणत्या तरी हितसंबंधाचे नाव घेऊन येतात. राष्ट्राची सुरक्षितता, व्यक्तीचे खासगीपण, व्यापारी गुपित, चालू असलेला तपास ही ती हिते होत. त्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत लोकहिताच्या दृष्टीने माहिती देणे अधिक इष्ट की न देणे, याची तुलना करण्याचे कर्तव्यही प्राधिकरणावर आहे. चौदाव्या कलमात असे कोणतेही हित नाही, अशी कोणतीही तुलना नाही. तेथे केवळ एक विशेषण आहे. ज्या नागरिकाला ते विशेषण लागू पडले त्याचा हक्क त्या मागणीपुरता संपला. असा अधिकार ज्या शब्दात साठविला गेला आहे, त्या शब्दाचा इतिहास तपासणे हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला अनाठायी वाटू नये. पुढील विवेचनात त्यासाठी ‘तापदायक’ हा प्रतिशब्द योजिला आहे. तोच का, याचा खुलासा यथावकाश येईल.

लॅटिनमधील ‘वेक्सारे’ या क्रियापदापासून हा शब्द इंग्रजीत आला. परंपरेने हे क्रियापद ‘वेहेरे’ म्हणजे वाहून नेणे या धातूचे पौनःपुन्यवाचक रूप मानले जाते. हा धातू आपल्या परिचयाचाच आहे, कारण संस्कृत ‘वह्’ आणि लॅटिन ‘वेहेरे’ ही एकाच मूळ इंडो-युरोपीय धातूची अपत्ये होत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रोमन ग्रंथकार औलुस गेलियुस याने या क्रियापदाविषयी एक छोटी पण मार्मिक चर्चा केली आहे. व्हर्जिलने एके ठिकाणी ते वापरले असता काही टीकाकारांनी ते प्रसंगाच्या मानाने सौम्य आहे असा आक्षेप घेतला होता. गेलियुसने तो खोडून काढला. त्याच्या मते हा शब्द सौम्य नव्हे, चांगला कठोर आहे; कारण ज्याला कोणी उचलून नेतो आणि इकडून तिकडे फरपटवितो, तो स्वतःचा स्वामी उरत नाही. ही व्युत्पत्ती ऐतिहासिक दृष्ट्या कितपत बिनचूक आहे, हा प्रश्न येथे गौण होय. शब्दाच्या मुळाशी केवळ चीड नसून दुसऱ्याच्या हातात सापडून हतबल होणे आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. ‘चिडविणे’ हा सौम्य अर्थ इंग्रजी बोलीत मागाहून बळावला, आणि ज्यांनी चौदाव्या कलमाचा उपयोग केवळ कंटाळवाण्या अर्जदारांविरुद्ध केला त्यांनी तो सौम्य अर्थच गृहीत धरला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

इंग्लंडच्या कायद्यात हा शब्दसमूह प्रथम कृत्यांना चिकटलेला आढळतो. अटकेच्या मार्गाने होणारा छळ व जुलूम थांबविण्यासाठी दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीत, १६६१ साली, एक अधिनियम झाला. त्याच्या शीर्षकातच हा शब्द नामरूपाने आहे. १८५९ चा अधिनियम तापदायक आरोपपत्रांविरुद्ध होता. या दोन्ही ठिकाणी प्रश्न अटकेचा किंवा आरोपाचा आहे. अमुक एक मनुष्य तापदायक आहे, असे त्यांपैकी कोणताही कायदा म्हणत नाही.

हे स्थित्यंतर १८९६ साली झाले. ॲलेक्झांडर चॅफर्स हा त्याचा निमित्तमात्र नायक. हा पेशाने सॉलिसिटर असून सर ट्रॅव्हर्स ट्विस या नामांकित विधिज्ञाच्या पत्नीवर त्याने केलेल्या आरोपांमुळे १८७२ साली लंडनमध्ये गाजलेल्या एका प्रकरणात त्याचे नाव पुढे आले होते. १८९० नंतरच्या काळात त्याने समाजातील उच्चपदस्थांविरुद्ध अठ्ठेचाळीस दावे लावले आणि त्यांपैकी सत्तेचाळिसांत तो हरला. हरलेल्या दाव्यांचा खर्च त्याच्यावर बसविला जाई. तो भरण्याची त्याची ऐपतही नव्हती आणि इच्छाही नव्हती. अखेर संसदेने तापदायक दाव्यांविषयीचा अधिनियम केला. कोणी मनुष्य वाजवी कारण नसताना सवयीने व चिकाटीने तापदायक दावे लावीत असल्याचे ॲटर्नी जनरलने उच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणून दिल्यास, न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याने नवा दावा लावू नये असा आदेश देण्याची तरतूद त्यात झाली. चॅफर्सच त्याचा पहिला बळी ठरला. (या प्रकरणाचा साद्यंत इतिहास मायकेल टॅगार्ट यांनी २००४ साली केंब्रिजच्या विधिविषयक नियतकालिकात मांडला, जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.)

येथे एक विसंगती नजरेत भरते. अधिनियमाच्या शीर्षकात विशेषण दाव्यांना आहे. परिणाम मात्र मनुष्याला भोगावा लागतो. ‘सवयीने’ हे क्रियाविशेषण या दोहोंमधील सांधा होय. एखादा दावा सवयीचा असू शकत नाही, सवय ही माणसाचीच असते. या एका क्रियाविशेषणाच्या वाटेने विशेषण कृत्यावरून कर्त्यावर सरकले. हाच साचा पुढे १९२५ च्या व १९८१ च्या न्यायव्यवस्थाविषयक अधिनियमांत कायम राहिला. आपल्याकडे तो मद्रास प्रांताच्या १९४९ च्या तापदायक वादप्रतिबंधक अधिनियमातून आला. त्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली मान्य केली, आणि महाराष्ट्राने त्याच धर्तीवर १९७१ साली आपला अधिनियम केला. ॲटर्नी जनरलच्या जागी महाधिवक्ता आला, एवढाच मुख्य फरक.

न्यायालयीन परंपरेतील या शब्दाचे सर्वांत नेटके विवरण लॉर्ड बिंगहॅम यांनी सरन्यायाधीश असताना, २००० सालच्या फेब्रुवारीत, एका निर्णयात केले. त्यांच्या प्रतिपादनाचा गोषवारा असा : दाव्याला कायद्याचा दखलपात्र आधार नसतो, दावा लावणाराचा हेतू काहीही असो, परिणामी प्रतिपक्षाला होणारी गैरसोय, छळ आणि खर्च हे दावेदाराला मिळू शकणाऱ्या लाभाच्या मानाने सर्वस्वी अप्रमाण असतात, आणि न्यायालयीन प्रक्रियेचा तो दुरुपयोग ठरतो. हेतूला त्यांनी बाजूस सारले आणि प्रमाणाला मध्यभागी आणले, हे लक्षणीय आहे. त्याच वर्षी माहिती-स्वातंत्र्याचा अधिनियम झाला.

तथापि माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्यातील ‘तापदायक’ केवळ न्यायालयातून आलेला नाही. त्याला दुसरा एक ओघ मिळाला आहे. तो प्रशासनाच्या भाषेचा. न्यूझीलंडच्या १९८२ च्या अधिनियमात क्षुल्लक किंवा तापदायक मागणी नाकारण्याची मुभा होती. युरोपीय समुदायाच्या १९९० च्या पर्यावरणविषयक निदेशात ‘उघडउघड अवाजवी’ आणि ‘अति सामान्य स्वरूपात मांडलेली’ अशी दोन विशेषणे मागणीसाठी योजिलेली आढळतात. १९९४ मध्ये जॉन मेजर यांच्या शासनाने माहिती देण्यासंबंधी जी आचारसंहिता काढली, तिच्या नवव्या अपवादात ही सर्व शब्दसंपत्ती एकत्र आली. मागणी तापदायक असेल, उघडउघड अवाजवी असेल, अति सामान्य स्वरूपाची असेल, किंवा तिच्यामुळे साधनसामग्री अवाजवीपणे अन्यत्र वळवावी लागत असेल, तर ती नाकारता येई. चार निरनिराळ्या तक्रारी एका वाक्यात बसविल्या होत्या. २००० च्या अधिनियमाने त्यांची वाटणी केली. खर्चाची तक्रार बाराव्या कलमात गेली; तापदायकतेची चौदाव्यात राहिली. पर्यावरणविषयक माहितीसाठी २००४ मध्ये वेगळे विनियम झाले, त्यांत ‘उघडउघड अवाजवी’ हीच संज्ञा टिकली, आणि तेथे लोकहिताची तुलनाही करावी लागते.

ही वाटणी कागदावर स्वच्छ दिसते, व्यवहारात मात्र ती टिकली नाही. बाराव्या कलमाखालील खर्चाची मर्यादा मध्यवर्ती खात्यांना सहाशे पौंड आणि इतर प्राधिकरणांना साडेचारशे पौंड अशी ठरविण्यात आली. दर ताशी पंचवीस पौंड धरला असल्यामुळे ही मर्यादा अनुक्रमे चोवीस व अठरा तासांच्या श्रमाएवढी होते. परंतु हा हिशेब करताना माहिती आहे की नाही हे पाहणे, ती शोधणे, काढणे व वेगळी करणे एवढीच कामे धरावयाची असतात. कागद सापडल्यावर त्यांतील वगळण्याजोगा मजकूर ओळीओळीने खोडण्याचे श्रम धरता येत नाहीत. मोठ्या दप्तराची मागणी आली की खरे ओझे याच कामाचे असते. ते बाराव्या कलमात बसेना, म्हणून प्राधिकरणांनी ते चौदाव्यात बसविले. अशा रीतीने सालस, विनयशील, एकदाच केलेली मागणीही केवळ ओझ्यामुळे ‘तापदायक’ ठरू लागली. शब्दाचा अर्थ वाढला याचे कारण शेजारच्या कलमातील मोजमाप अपुरे पडले, हे होय.

अधिनियम १ जानेवारी २००५ रोजी पूर्णांशाने अमलात आल्यानंतर माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने मार्गदर्शनासाठी पाच प्रश्न निश्चित केले. मागणीमागे झपाटल्यासारखा ध्यास दिसतो काय? तिच्यामुळे कर्मचाऱ्यांचा छळ किंवा त्यांना मनस्ताप होतो काय? खर्च व कामातील व्यत्यय मोठा आहे काय? व्यत्यय आणणे हाच तिचा उद्देश आहे काय? तिला काही गंभीर प्रयोजन किंवा मूल्य आहे काय? हे प्रश्न चुकीचे नव्हते. परंतु कोणत्याही कचेरीत प्रश्नावली गेली म्हणजे तिचे जे होते तेच यांचे झाले. पाचांपैकी किती प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, हे मोजून निर्णय होऊ लागले.

याच टप्प्यावर डेव्हन परगण्याच्या कौन्सिलचे प्रकरण आले. विधिग्रंथांत ते अर्जदाराच्या आडनावाने ओळखले जाते. येथे आपणास व्यक्तीशी कर्तव्य नसून अर्जाशी आहे, म्हणून ते नाव देत नाही. एक्सेटर येथील एका पादचारी पुलाला विजेपासून संरक्षण देणाऱ्या व्यवस्थेविषयी ही मागणी होती. मागणी स्वतः साधी, मर्यादित आणि सभ्य होती. परंतु तिच्या आधी त्याच अर्जदाराचा त्याच कौन्सिलशी प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला होता आणि त्या पत्रव्यवहाराचा सूर कौन्सिलच्या मते आरोपांचा व अपमानाचा होता. प्रश्न असा की, सभ्य अर्जाला त्याच्या असभ्य पूर्वजांची शिक्षा मिळावी काय?

प्रथमस्तरीय न्यायाधिकरणाने ‘नाही’ असे उत्तर दिले. कलम मागणीविषयी आहे. या मागणीत दोष नाही. मागील पत्रव्यवहाराने ती कलंकित होत नाही, असा त्याचा युक्तिवाद. माहिती आयुक्त वरिष्ठ न्यायाधिकरणाकडे गेले. तेथे न्यायाधीश निकोलस विकली यांनी जानेवारी २०१३ मध्ये दिलेला निर्णय या विषयातील मूलगामी निर्णय मानला जातो. त्यांनी ‘तापदायक’चा अर्थ एका औपचारिक प्रक्रियेचा उघडउघड असमर्थनीय, अयोग्य किंवा अनुचित वापर असा लावला. विचारार्थ चार बाबी पुढे ठेवल्या, त्या म्हणजे प्राधिकरणावर पडणारे ओझे, मागणाराचा हेतू, मागणीचे मूल्य किंवा गंभीर प्रयोजन, आणि कर्मचाऱ्यांना होणारा छळ वा मनस्ताप. हे चार मुद्दे मोजण्याच्या पट्ट्या नव्हेत, सर्व परिस्थितीकडे समग्रपणे पाहिले पाहिजे, अशी ताकीदही त्यांनी दिली. ओझे ठरविताना मागील व्यवहार विचारात घ्यावाच लागतो. एक अर्ज हलका असेल. पण तो विसाव्या अर्जाच्या पाठोपाठ आलेला एकविसावा असेल तर त्याचे वजन वेगळे. अर्जदार हरला.

न्यायाधीश विकली यांचे तर्कशास्त्र निर्दोष आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. कोणताही शब्दप्रयोग संदर्भापासून तोडून समजत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाने तरी नाकारू नये. परंतु त्याच तर्काने १८९६ ची ‘सवय’ मागच्या दाराने परत आली. मागील व्यवहार पाहायचा म्हणजे माणूस पाहायचा. ‘मागणी तापदायक, माणूस नव्हे’ हे सूत्र आयुक्तांच्या मार्गदर्शनात ठळकपणे दिलेले असते. पण मागणीचे चारित्र्य तिच्या कर्त्याच्या इतिहासावरून ठरू लागले की या सूत्रात व्याकरणापलीकडे काय उरते, हा प्रश्न राहतोच. अधिनियमाच्या सतराव्या कलमातील एक तरतूद या संदर्भात कमी चर्चिली जाते. एरवी नकार देताना वीस कामकाजी दिवसांत तशी नोटीस द्यावी लागते. परंतु आधीच्या मागणीवर तापदायकतेची नोटीस एकदा दिलेली असेल, आणि पुन्हा देणे परिस्थितीचा विचार करता अवाजवी ठरत असेल, तर नव्या मागणीला उत्तर न देता गप्प राहण्याची मुभा प्राधिकरणाला आहे. त्या पुढच्या मागणीला नकाराचे कागददेखील मिळत नाहीत. विशेषण तेथे मागणीवरून उठून माणसाच्या अंगावर जाऊन बसते.

अर्जदार अपील न्यायालयात गेला आणि मे २०१५ मध्ये तेथेही हरला. परंतु न्यायमूर्ती लेडी आर्डेन यांच्या निकालपत्राने विचाराचा क्रम बदलला, आणि माझ्या दृष्टीने हा क्रमबदल निकालापेक्षा महत्त्वाचा आहे. त्यांच्या मते कसोटी वस्तुनिष्ठ असली पाहिजे. मागितलेली माहिती मागणाराला, जनतेला किंवा जनतेच्या एखाद्या वर्गाला उपयुक्त ठरेल असे मानण्यास वाजवी आधार आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावयाचा; इतर परिस्थिती त्यानंतर. आणि ‘तापदायक’ हा निष्कर्ष काढण्यासाठी ओलांडावयाचा उंबरठा उंच आहे. सूडबुद्धी स्पष्ट दिसत असली तरी माहितीचे मूल्य मोठे असेल तर मागणी टिकू शकते, असा याचा फलितार्थ होतो. लॉर्ड बिंगहॅम यांनी हेतू बाजूला सारला होता. प्रश्नावलीने तो परत आणला. लेडी आर्डेन यांनी त्याला दुसऱ्या रांगेत बसविले. याच सुनावणीत पर्यावरणविषयक विनियमांखालील एक प्रकरणही होते आणि ‘उघडउघड अवाजवी’ व ‘तापदायक’ यांच्या अर्थात व्यवहारतः फारसे अंतर नाही, असाही निर्वाळा मिळाला. १९९४ च्या संहितेत शेजारी शेजारी बसलेले, पुढे वेगवेगळ्या कायद्यांत गेलेले दोन शब्द एकवीस वर्षांनी पुन्हा एकत्र आले.

ऑस्ट्रेलियाने हा संकोचही ठेवला नाही. तेथे २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार माहिती आयुक्त एखाद्या व्यक्तीला सरळ ‘तापदायक अर्जदार’ घोषित करू शकतात. ती भूमिका कठोर खरी. परंतु तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. माणसावर शिक्का मारावयाचा तर तो उघडपणे, घोषणेने आणि प्राधिकरणाबाहेरच्या अधिकाऱ्याने मारावा.

आपल्या देशात हा शब्द माहितीच्या कायद्यात नाही. हे अनवधानाने घडलेले नाही, हे पाठांची तुलना केली असता दिसून येते. संसदेने केलेला २००२ चा माहिती-स्वातंत्र्य अधिनियम कधी अमलात आलाच नाही. परंतु त्याचे नववे कलम वाचण्यासारखे आहे. मागणी अति सामान्य स्वरूपाची असेल, किंवा तिच्यामुळे प्राधिकरणाची साधनसामग्री अप्रमाण रीतीने अन्यत्र वळवावी लागत असेल वा कामकाजात अडथळा येत असेल, तर ती नाकारता येईल, असे ते कलम म्हणत होते. १९९४ च्या ब्रिटिश संहितेतील नवव्या अपवादाशी असलेले त्याचे शब्दसाम्य कोणाच्याही लक्षात येईल. त्या अपवादातील ‘तापदायक’ आणि ‘अवाजवी’ तेवढे येथे गळले आहेत. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले. ‘साधनसामग्री अप्रमाण रीतीने वळविणे’ हे शब्द त्यातही राहिले, पण नकाराच्या कारणांतून उठून सातव्या कलमाच्या नवव्या पोटकलमात गेले. तेथे प्रश्न माहितीच्या स्वरूपाचा आहे. ज्या स्वरूपात मागितली त्या स्वरूपात देणे फार ओझ्याचे असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्यावी, एवढाच त्याचा अर्थ होतो. शिवाय अर्जदाराने माहिती का हवी याचे कारण देण्याची आवश्यकता नाही, असे सहावे कलम स्पष्ट सांगते. हेतूचा दरवाजा कायद्यानेच बंद केला आहे.

योगायोग असा की, त्याच २००५ साली विधि आयोगाने आपल्या एकशे ब्याण्णवाव्या अहवालात तापदायक वादांना आळा घालण्यासाठी केंद्रीय कायद्याची शिफारस केली. न्यायालयांसाठी जो शब्द देशभर हवासा वाटत होता, तो माहितीच्या कायद्यात नको होता.

परंतु गाळलेला शब्द पुन्हा पुन्हा परतण्याची धडपड करीत राहिला. २००६ मध्ये वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात उघडउघड क्षुल्लक वा तापदायक मागणी नाकारण्याची तरतूद सुचविली. २००९ मध्ये केंद्र शासनाच्या पातळीवर तसाच विचार पुन्हा झाला. माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला आणि तो मागे पडला. २०११ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. त्याच निकालपत्रात सरसकट व अव्यवहार्य मागण्यांविषयी एक इशारा आहे. पंचाहत्तर टक्के कर्मचाऱ्यांनी आपला पंचाहत्तर टक्के वेळ माहिती गोळा करण्यात घालवावा हे राष्ट्राला नको आहे, असा त्याचा भाव. हे आकडे कोणत्याही पाहणीतून आलेले नाहीत, तो वक्तृत्वाचा अलंकार आहे. परंतु पुढील काळात नकाराच्या असंख्य आदेशांत तो उद्धृत झाला. निकालाचा गाभा नागरिकाच्या बाजूचा आणि त्यातील सर्वाधिक उद्धृत परिच्छेद त्याच्या विरुद्ध, अशी ही विलक्षण स्थिती आहे. २०१४ मध्ये दिल्ली परिवहन निगमाच्या एका प्रकरणात केंद्रीय माहिती आयुक्त श्रीधर आचार्युलु यांनी दिवाणी कायद्यातील ‘पूर्वन्याया’च्या तत्त्वाचा आधार घेऊन तीच तीच मागणी करण्यास प्रतिबंध असल्याचे प्रतिपादिले. २०२२ मध्ये गुजरात माहिती आयोगाने काही व्यक्तींना माहितीचे अर्ज करण्यास मनाई केल्याचे उघडकीस आले. कायद्यात विशेषण नाही, व्याख्या नाही, घोषणेची पद्धत नाही. तरीही माणसावर शिक्का बसला.

या पार्श्वभूमीवर २००६ च्या शिफारशीचा तपशील पुन्हा वाचला पाहिजे. केवळ ‘शब्द घाला’ एवढेच आयोग म्हणत नव्हता. नकार अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कळवावा, त्यापूर्वी अपील अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, आणि असा प्रत्येक नकार आपोआप माहिती आयोगाकडे अपील समजून जावा, अशा तीन अटी त्याला जोडल्या होत्या. त्यांतील तिसरी अट ब्रिटिश कायद्यातही नाही. तेथे नागरिकाला स्वतः तक्रार करावी लागते. शब्द आला असता तर या तीन अटींसह आला असता. तो आला नाही, म्हणून त्याचा परिणाम अटींवाचून आला. शब्दाला विरोध करणाऱ्यांची भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. व्याख्याहीन विशेषण जन माहिती अधिकाऱ्याच्या हाती देणे धोक्याचेच असते, हे डेव्हनच्या प्रकरणापूर्वीच्या ब्रिटिश अनुभवावरून कळते. परंतु कायद्यात शब्द नसणे म्हणजे ती कल्पना नसणे, हे गृहीत चुकीचे ठरले.

प्रस्तुत लेखकाने एका शैक्षणिक संस्थेत दोन वर्षे जन माहिती अधिकाऱ्याचे काम पाहिले आहे. एक गृहस्थ सतत अर्ज करीत. अर्जांची भाषा जहाल असे, आणि टपाल आले की कार्यालयातील लिपिक ‘आला खोडसाळ’ असे म्हणत. त्यांच्या अकराव्या की बाराव्या अर्जात एका संवर्गाची ज्येष्ठतायादी मागितली होती. चिडून मी फाइल मागविली, तेव्हा ध्यानात आले की ही यादी कित्येक वर्षे प्रसिद्धच झालेली नव्हती आणि ती सूचनाफलकावर लावली असती तर आधीच्या अर्जांपैकी निम्मे तरी आले नसते. ओझे खरे होते, पण ते कोणी निर्माण केले होते, याचे उत्तर फाइलमध्ये होते.

‘खोडसाळ’ हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. मराठी वृत्तपत्रांत अशा अर्जांना ‘खोडसाळ’, ‘त्रासदायक’, ‘उपद्रवी’, ‘निरर्थक’ अशी विशेषणे सर्रास आणि एकमेकांच्या जागी लावली जातात. ती समानार्थी नव्हेत. ‘खोडसाळ’ मध्ये खोड आहे आणि खोड ही माणसाची असते. या शब्दाने १८९६ ची ‘सवय’ एका फटक्यात सांगितली जाते. ‘त्रासदायक’ परिणामाविषयी बोलतो, कर्त्याच्या हेतूविषयी मौन पाळतो. ‘निरर्थक’ मागणीच्या आशयाकडे पाहतो, म्हणजे लेडी आर्डेन यांच्या पहिल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो. ‘तापदायक’ मी पत्करला तो त्यातल्या त्यात. कारण ‘ताप देणे’ या वाक्प्रचारात देणारा, घेणारा आणि घेणाऱ्याची हतबलता ही तिन्ही आहेत, आणि गेलियुसने सांगितलेला कठोर अर्थ त्यात काही अंशी उतरतो. नकाराच्या मराठी आदेशात यांपैकी कोणता शब्द पडतो, यावरून आदेश देणाऱ्याने अर्ज वाचला की अर्जदार, हे बहुधा ओळखता येते.

महाराष्ट्राने या प्रश्नाला एक निराळेच उत्तर शोधले आहे. २०१२ मध्ये दुरुस्त केलेल्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि अर्ज सामान्यतः दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा. हेतू नाही, सवय नाही, छळ नाही, फक्त शब्दसंख्या. इंग्रजीत ज्यासाठी तीन शब्द लागतात ते ‘कार्यालयाकडून’ हे मराठीत एकच पद आहे, आणि समासाची सोय असलेल्या भाषेत दीडशे शब्दांत पुष्कळ काही मागता येते; त्यामुळे मराठीतून अर्ज करणाऱ्याला हा नियम इंग्रजीतून करणाऱ्यापेक्षा थोडा अधिक उदार आहे. नियम करणाऱ्यांच्या हे ध्यानात आले असेल असे वाटत नाही. एका अर्जाचे दोन अर्ज करण्यास तो अडवीत नाही, आणि अकरा अर्जांचा इतिहास त्याला मोजताही येत नाही.